वात ते बटण : नांदेड-लातूर परिसरातील घरगुती प्रकाश-नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

विजेच्या इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी सामान्यतः निर्मितीकडे वळते. कोणते वीजकेंद्र केव्हा उभे राहिले, किती गावांत खांब पोचले, मंडळाची पुनर्रचना कधी झाली, या प्रश्नांभोवती ही चर्चा फिरत राहते. या प्रश्नांचे महत्त्व नाकारता येत नाही; परंतु त्यांत घरातील माणूस फारसा दिसत नाही. दिवा लागला की नाही, एवढीच नोंद इतिहासात होते. तो दिवा कोणाच्या हाताने लागला, कोणाच्या इच्छेने मंद झाला आणि रात्री किती उजेड असावा हे कोणी ठरविले, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

अलीकडे नांदेड व लातूर या शहरांतील नव्या घरांत गृहस्वयंचलनाची साधने दिसू लागली आहेत. भिंतीवरील एक बटण क्षणभर दाबले की दिवा लागतो आणि तेच दाबून धरले की प्रकाश हळूहळू कमी होतो. ही सोय पूर्णतः नवी आहे असा समज आहे. प्रकाश कमी-अधिक करण्याची क्रिया मात्र मराठवाड्यातील घरांना मुळीच नवी नाही. मधल्या काळात ती घराच्या हातून निसटली होती, आणि आता वेगळ्या रूपाने परत येत आहे. ती खरोखर घरातील सर्वांच्या हाती येते की केवळ एकाच्या, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) वीजपूर्व काळातील घरगुती प्रकाश-नियंत्रणाचे स्वरूप समजून घेणे.
२) विद्युतीकरणामुळे या नियंत्रणात झालेल्या बदलांचा शोध घेणे.
३) आजच्या स्वयंचलित बटणाच्या रचनेकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रकाशित माहितीला कुटुंबातील ज्येष्ठांच्या आठवणींची व प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे.

दिवळी आणि वात

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. या भिंतीत ठरावीक उंचीवर दिवळी किंवा कोनाडा ठेवलेला असे. दिव्याची जागा ही अशी घर बांधतानाच निश्चित होत असे. अंधारात हात नेमका तेथे जाई. आज दाराजवळच्या स्विचबोर्डाकडे हात न बघता जातो, त्या सवयीचे मूळ या दिवळीत शोधता येते.

प्रकाश कमी-अधिक करण्याचे मार्गही ठरलेले होते. समईत वातींची संख्या कमी-जास्त करता येई. पणतीची वात काडीने पुढे-मागे सरकवता येई. रॉकेलच्या चिमणीला वात ओढण्यापलीकडे सोय नव्हती. पण कंदिलाला बाजूला फिरकी होती. ती फिरवली की वात वर-खाली होई व उजेड हवा तेवढा मिळे. साताऱ्याकडील ओगलेवाडीच्या काच कारखान्यातील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला, तो याच काळात. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून सुरू झाला आणि १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत पोचली. या दोन मार्गांनी या भागाच्या बाजारपेठांत बाहेरचा माल येण्याची वाट सुकर झाली.

भाषेतही या व्यवहाराचे ठसे उमटलेले आहेत. कंदील हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. घासलेट हे ‘गॅस लाइट’चे आणि रॉकेल हे ‘रॉक ऑइल’चे मराठी रूप. दिवा ‘विझला’ असे म्हणणे अशुभ मानले जाई. म्हणून तो ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ जाई. कंदील मात्र ‘बारीक’ केला जाई. ‘बारीक करणे’ या क्रियापदात दोन अर्थ एकवटलेले आहेत. निजलेल्या लेकराच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये हा एक, आणि रॉकेल वाचावे हा दुसरा. शिधापत्रिकेवर मोजून मिळणाऱ्या रॉकेलच्या काळात फिरकीवरचा हात बहुधा घरातील स्त्रीचा होता. स्वयंपाक, लेकरांचा अभ्यास, आजाऱ्याची रात्र यांसाठी किती उजेड द्यायचा हे तीच ठरवीत असे. हा अधिकार लहान होता, पण खरा होता.

वीज आली, फिरकी गेली

१९४८ पर्यंत मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानात वीज आधी राजधानीत आली आणि जिल्ह्यांच्या गावी ती उशिरा व मोजक्या प्रमाणात पोचली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९७१ मध्ये परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्राचे पहिले संच सुरू झाले. मराठवाड्याच्या भूमीवर मोठ्या प्रमाणावर वीज तयार होऊ लागली ती येथून.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. १९९७ पर्यंतच्या सरकारी व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. विहिरीवर एक पंप चालू झाला तरी कागदावर गाव उजळत असे, घरांत मात्र चिमणीच असे. २००४ मध्ये व्याख्या बदलली आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असण्याची अट आली. तत्पूर्वी १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेतून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एका दिव्याची जोडणी मिळू लागली. घराचा हक्क एका बल्बात मोजला गेला. तो बल्ब कमी-अधिक करता यावा, असा विचार त्या टप्प्यावर होणे शक्यही नव्हते.

विजेच्या बटणाला मुळातच दोन अवस्था असतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉन हेन्री होम्स याने १८८४ मध्ये स्प्रिंगच्या साहाय्याने विद्युतमंडल झटकन तोडणारा स्विच तयार केला. सावकाश तोडल्यास संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी रेंगाळते व ते जळतात. म्हणून मधल्या अवस्थेत न थांबणे हाच चांगल्या स्विचचा गुण ठरला. कंदिलाच्या फिरकीचा जो गुण होता, तोच स्विचच्या दृष्टीने दोष ठरला. लाकडी पट्टीवरील वायरिंग आणि बेकेलाइटचे काळे गोल स्विच घरात आले, तेव्हा उजेड पुष्कळ वाढला. मात्र ‘बारीक’ ही अवस्था नाहीशी झाली. दिवळी रिकामी झाली आणि तिची जागा बोर्डाने घेतली.

ही उणीव लोकांनी आपापल्या परीने भरून काढली. ‘झिरोचा बल्ब’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नाव शून्याचे असले तरी तो प्रत्यक्षात सुमारे बारा ते पंधरा वॅट वीज घेत असे. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्या अल्प वापराची नोंद होत नसे, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. म्हणजे मोठा दिवा बारीक करता येत नाही, तर त्याच्या शेजारी एक बारीक दिवा लावायचा. समईतील वाती मोजण्याचीच ही पद्धत होती.

दूरच्या हातांनी मंद होणारा दिवा

मराठवाड्यातील घरांत ‘डिम’ हा इंग्रजी शब्द रुळला, तो डिमरमुळे नव्हे. ‘लाईट डिम झाली’ याचा अर्थ विद्युतदाब कमी झाला. संध्याकाळी शेतीपंप आणि गावातील दिवे एकाच वेळी चालू झाले की रोहित्रावरील भार वाढे आणि बल्ब पिवळा पडे. तंतूच्या बल्बाचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. त्यामुळे दाब दहा टक्क्यांनी घसरला तरी उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. दिवा बारीक होत होता, पण तो घरातील कोणी केलेला नव्हता. वाचणारे मूल आणि भाकरी थापणारी आई यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे, एवढेच त्यांच्या हाती राहिले.

पुढच्या टप्प्यात हेही उरले नाही. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. याच सुमारास राज्यात भारनियमनाचे दीर्घ पर्व सुरू झाले. वितरणातील गळती व बिलवसुली यांच्या प्रमाणावरून वीजवाहिन्यांचे गट पाडण्यात आले आणि अधिक गळतीच्या गटाला अधिक तास अंधार मिळाला. नियमित बिल भरणारा ग्राहकही आपल्या वाहिनीच्या गटासोबत अंधारात बसला. या काळात घराच्या दिव्याचे खरे बटण उपकेंद्रात होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परळीचे केंद्र तर पाण्याअभावी २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. मराठवाड्यात प्रकाशाचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, याचा हा पुरावाच होय.

रेग्युलेटर, डिमर आणि एलईडी

घराच्या हाती राहिलेली एकमेव फिरकी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. सुरुवातीच्या जाड, तापणाऱ्या पेटीत रोधक असत. ते जास्तीची वीज उष्णतेच्या रूपात उधळीत. पुढे अर्धवाहकांवर चालणारे छोटे रेग्युलेटर आले. त्यामागील तत्त्व दिव्याच्या डिमरचेच आहे. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये घराच्या भिंतीत मावेल असा अर्धवाहक डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी ल्यूट्रॉन ही कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे त्याच्या १०० अर्धलहरी होतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग अडवून धरतो व उरलेला दिव्याला देतो. दिवा सेकंदात शंभर वेळा लागतो-मालवतो, पण डोळ्याला तो केवळ मंद दिसतो. रोधकाप्रमाणे येथे वीज वाया जात नाही.

मात्र एलईडी दिव्यांनी हे गणित पुन्हा बदलले. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी गेले व वीजवापर मोठ्या प्रमाणात घटला. परंतु या बल्बातील परिपथ दाब बदलला तरी प्रवाह स्थिर ठेवतो. कमी दाबात हा बल्ब पूर्वीसारखा पिवळा पडत नाही, आणि जुन्या डिमरवर लावला तर लुकलुकतो. दूरच्या हाताने होणारी मंदता गेली हे चांगलेच झाले. पण जवळच्या हातालाही ती करता येईना.

स्वयंचलित बटणाची रचना

गृहस्वयंचलनाचा आरंभ १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील एका कंपनीने विकसित केलेल्या एक्स-टेन पद्धतीने झाला असे मानले जाते. त्यात घरातील वीजतारांवरूनच संदेश पाठविले जात. आज झिगबी, वाय-फाय यांसारख्या बिनतारी पद्धती प्रचलित आहेत. भिंतीवरील बटण आता विद्युतमंडल तोडत नाही. ते केवळ संदेश देते. एका बटणातून तीन प्रकारचे संदेश निघतात : क्षणभर दाबले, दाबून धरले, सोडले. ‘क्षणभर दाबले’ यावर दिवा चालू-बंद होतो. ‘दाबून धरले’ यावर प्रकाशपातळी ठरावीक वेगाने सरकू लागते आणि ‘सोडले’ यावर जेथे आहे तेथे थांबते. पुढच्या वेळी धरल्यास दिशा उलट होते. अशा रीतीने दोन अवस्थांच्या स्विचला कंदिलाची फिरकी पुन्हा जोडली जाते.

मात्र ही जोडणी करताना घेतलेला प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी सोयीचा व कोणाच्या तरी गैरसोयीचा असतो. नांदेड येथील प्रस्तुत लेखकाच्या घरी असे बटण बसविले, तेव्हा दाबून धरण्याची मर्यादा अर्ध्या सेकंदाची होती. औसा तालुक्यातील गावाहून राहावयास आलेल्या आईला ते काही केल्या जमेना. संधिवातामुळे तिचे बोट सावकाश उठते. ती दिवा मालवण्यासाठी बटण दाबी आणि यंत्र ते दाबून धरले असे समजून प्रकाश वाढवीत नेई. ‘ह्याला माझं ऐकूच येत न्हाई का रे?’ असे ती म्हणाली. तिच्या घरातील दिवळीने किंवा कंदिलाने तिला असे कधी परके केले नव्हते.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. एका रात्री वीज गेली व तीनच्या सुमारास परत आली. वीज परतल्यावर दिव्याने पूर्ण प्रकाशात चालू व्हावे, अशी त्या बल्बाची मूळ रचना होती. घरातील सर्व दिवे एकदम लखलखले आणि आई उठून थेट दाराबाहेर जाऊन उभी राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेला भूकंप तिने अनुभवला आहे. त्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली, नवी घरे उभी राहिली. त्या घरांच्या पातळ भिंतींत दिवळी नव्हती. या पिढीच्या दृष्टीने रात्रीचा अचानक उजेड ही सोय नसते.

या अनुभवानंतर रचनेत पुढील बदल केले. दाबून धरण्याची मर्यादा एक सेकंदापर्यंत वाढविली. एकाच बटणाने दिशा उलटण्याऐवजी वरचे बटण वाढविण्यासाठी व खालचे कमी करण्यासाठी ठेवले. वीज परतल्यावर दिव्याने आपली पूर्वस्थिती घ्यावी, असे ठरविले. मालवलेला दिवा आता मालवलेलाच राहतो. किमान पातळी लुकलुक होणार नाही एवढी राखली. येथे डोळ्याचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. मोजलेला प्रकाश २५ टक्क्यांवर आणला तरी डोळ्याला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणून खालच्या टोकाला पातळी अधिक सावकाश उतरणे इष्ट ठरते. तसेच बटण व दिवा यांची थेट जोडणी केली, म्हणजे इंटरनेट बंद असले किंवा मध्यवर्ती यंत्र बिघडले तरी बटणाचे काम अडत नाही.

आणखी एक अडचण सवयीची आहे. दिवा बोर्डावरूनच बंद करण्याची आपली पद्धत आहे. तसे केले की बल्बाची वीज तुटते व मग कोणताही संदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. यावर बोर्डाला चिकटपट्टी लावून घरच्यांना ‘हात लावू नका’ असे बजावणे हा उपाय अनेक घरांत दिसतो. तो उपाय नव्हे. बोर्डामागे असे उपकरण बसवावे की ज्यामुळे जुना स्विचही संदेश देईल व दिव्याची वीज अखंड राहील. आपल्याकडे बोर्डावर प्लग असल्याने तेथे न्यूट्रल तार बहुधा उपलब्ध असते, त्यामुळे हे तुलनेने सुलभ आहे. हे काम प्रमाणित वायरमनकडूनच करून घ्यावे, हे सांगणे नको.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नांदेड-लातूर परिसरातील घरगुती प्रकाशाचा इतिहास हा अंधाराकडून उजेडाकडे जाणारा सरळ प्रवास नाही. उजेड वाढत असताना त्यावरील घराचे नियंत्रण काही काळ घटत गेले. नवे तंत्रज्ञान ते परत देऊ शकते. मात्र ते मोबाइल हाती असलेल्या एकाच व्यक्तीकडे जाण्याचा धोकाही तेवढाच आहे. पूर्वी उपकेंद्रात असलेले बटण आता घरातील तरुण मुलाच्या खिशात गेले, तर आईच्या दृष्टीने फारसे काही बदलले असे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

१) प्रकाश मंद करणे ही वीजपूर्व काळातील नित्याची घरगुती क्रिया होती व तिचे नियंत्रण प्रामुख्याने स्त्रीच्या हाती होते.
२) दोन अवस्थांच्या स्विचमुळे हे नियंत्रण संपले, कमी विद्युतदाब व भारनियमन यांनी ते घराबाहेर नेले.
३) स्वयंचलित बटणाची वेळमर्यादा, दिशा व वीज परतल्यावरची अवस्था हे निर्णय केवळ तांत्रिक नसून ते सामाजिक स्वरूपाचे आहेत.
४) घरात सर्वांत सावकाश हात ज्याचा आहे, त्याच्यासमोर बसून ही रचना करावी. मोबाइल जवळ नसतानाही भिंतीवरील बटणाने दिवा बारीक करता आला पाहिजे.